ग्राफिक्स कार्ड बदलताना जुन्या ड्रायव्हरचं काय करायचं?

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या एखाद्या छोट्या स्टुडिओतला संगणक डोळ्यांपुढे आणा. बऱ्याच वर्षांपूर्वी असेंबल करून घेतलेला, आत एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय हे ४ जीबीचं कार्ड. हे कार्ड २०१६ साली बाजारात आलं. तेव्हाच्या एचडी चित्रीकरणाला ते पुरत होतं. आता फोर-के फुटेज टाकलं की टाइमलाइन अडखळते. मालक एएमडीचं आरएक्स ६६०० हे ८ जीबीचं कार्ड आणतो, जुनं काढतो, नवं बसवतो आणि बटण दाबतो. डिस्प्ले येतो, पण आयकॉन भलेमोठे दिसतात. नवा ड्रायव्हर टाकल्यावर पडदा ताळ्यावर येतो, तरी एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडताना कुरकुरतंच. मग कार्डाला नावं ठेवत दुकानाकडे धाव.

अशा तक्रारींत कार्ड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. चुकलेला असतो तो क्रम. कार्ड उपसून दुसरं खोचणं हे जेमतेम अर्ध्या तासाचं काम. त्याआधी काय तपासलं आणि जुन्या ड्रायव्हरचं काय केलं, यावर पुढचे सगळे दिवस ठरतात. स्टुडिओचंच उदाहरण धरून विंडोजवर हे काम कसं करायचं, ते पाहू.

पैसे मोजण्याआधी

पहिला प्रश्न एसएमपीएसचा. मदरबोर्डावरचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. १०५० टीआय तेवढ्यात भागवतं, म्हणून त्याच्या अनेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागतच नाही. आरएक्स ६६०० ला १३२ वॉट लागतात आणि त्यासाठी ८ पिनांची वेगळी केबल जोडावी लागते. ६ पिनांच्या केबलमधून ७५ आणि ८ पिनांच्या केबलमधून १५० वॉट मिळतात, हा हिशेब लक्षात ठेवा. जुन्या एसएमपीएसला ही केबल नसेल, तर कार्डाबरोबर एसएमपीएसचाही खर्च धरायला हवा.

दुकानात कुणी साटाच्या केबलला लावायचा स्वस्त जोड हातात ठेवला, तर नको म्हणा. साटाची जोडणी हार्ड डिस्कसाठी केलेली असते, कार्डाचा भार तिला पेलत नाही. ती तापते आणि वितळते. कॅबिनेटसोबत जवळपास फुकट आलेल्या एसएमपीएसवर छापलेल्या ४५० वॉटवरही फार विसंबू नका. कार्डाच्या कंपनीने सांगितलेली किमान क्षमता आणि ८० प्लसची खूण, दोन्ही बघून नामांकित एसएमपीएस घ्या. मॉड्युलर एसएमपीएस असेल तर केबली त्याच्याबरोबर आलेल्याच वापरा. दोन कंपन्यांच्या केबली एकमेकींत बसतात, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि मग कार्ड जळतं.

दुसरी तपासणी मापाची. कॅबिनेटमध्ये कार्डासाठी किती लांब जागा आहे ते टेपने मोजा. हार्ड डिस्कचा पिंजरा आडवा येतो का, तेही पाहा. तिसरी तपासणी मॉनिटरची. १०५० टीआयला बहुधा डीव्हीआय पोर्ट असतो. आरएक्स ६६०० वर सहसा एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट एवढेच मिळतात. मॉनिटर जुना असेल तर केबल किंवा कन्व्हर्टर त्याच फेरीत घ्या. स्लॉटच्या पिढीची मात्र चिंता नको. पीसीआय एक्सप्रेसची नवी कार्डं जुन्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालतात, वेगात थोडा फरक पडतो इतकंच. इंटेलचं आर्क कार्ड घेणार असाल तर मदरबोर्डाच्या बायोसमध्ये रीसायझेबल बार ही सोय आहे का, हे मात्र आधी बघा. ती नसेल तर त्या कार्डाचा वेग बराच घटतो.

चौथी तपासणी सॉफ्टवेअरची, आणि नेमकी तीच राहून जाते. कुडा हे एनव्हिडियाचं स्वतःचं तंत्र आहे, एएमडीच्या कार्डावर ते चालत नाही. प्रीमियर, रिझॉल्व्ह, ब्लेंडर ही सॉफ्टवेअरं दोन्ही कंपन्यांच्या कार्डांवर चालतात. पण तुमचं एखादं प्लगइन किंवा एआयचं साधन कुडाशिवाय हलत नसेल, तर कंपनी बदलणं महागात पडेल.

सेकंडहँड कार्ड घेताना आणखी सावध राहा. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या चलनाची पद्धत बदलली, ग्राफिक्स कार्डांवर त्याचं मायनिंग करणं संपलं आणि वापरलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. सगळी वाईट नव्हती, पण पंखे आणि थर्मल पॅड झिजलेली बरीच होती. जुन्या, कमी दर्जाच्या कार्डाचं बायोस बदलून त्याला नव्या कार्डाचं नाव देणारेही आहेत. जीपीयू-झी हे मोफत सॉफ्टवेअर अशी अनेक बनावट कार्डं ओळखतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या की गावातल्या दुकानात, कार्ड चालवून दाखवायला सांगा आणि पक्कं बिल घ्या. बिलाशिवाय वॉरंटीचा विषयच निघत नाही.

ड्रायव्हर म्हणजे एक फाइल नव्हे

ग्राफिक्स ड्रायव्हर इन्स्टॉल करतो तेव्हा बरंच काही आत येतं. विंडोजच्या गाभ्यात काम करणारा मुख्य ड्रायव्हर, गेम आणि एडिटिंगला लागणाऱ्या व्हल्कन, ओपनजीएलच्या फाइली, एचडीएमआयमधून आवाज नेणारा वेगळा ऑडिओ ड्रायव्हर, कंट्रोल पॅनल, मागे चालणाऱ्या सर्व्हिस, रजिस्ट्रीतल्या नोंदी आणि शेडरचा साठा. शिवाय विंडोज प्रत्येक ड्रायव्हरची एक प्रत स्वतःच्या ड्रायव्हर स्टोअरमध्ये ठेवते. कार्ड उपसलं म्हणून यातलं काहीच आपोआप जात नाही. भाडेकरूने खोली सोडली तरी माळ्यावरची त्याची ट्रंक तशीच राहावी, तसा हा प्रकार.

म्हणजे प्रत्येक वेळी संकटच येतं असं नाही. इंटेल आणि एनव्हिडिया या दोघांचे ड्रायव्हर एकाच लॅपटॉपमध्ये वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने नांदतात. उरलेल्या जुन्या ड्रायव्हरमुळे संगणक बंदच पडेल, ही भीती अवाजवी आहे. त्रास होतो तो बारीकसारीक: नसलेल्या कार्डाचं कंट्रोल पॅनल सुरुवातीलाच चूक दाखवतं, नव्या ड्रायव्हरचा सेटअप मध्येच थांबतो, एखादं सॉफ्टवेअर जुन्या कार्डाच्या फाइली शोधत बसतं, गेम सुरू होताच बंद होतो. असे दोष पकडायला अवघड असतात. म्हणून माळा आधीच रिकामा केलेला बरा.

किती साफसफाई करायची?

कंपनी तीच आणि पिढी नवी, म्हणजे एनव्हिडियाच्या जागी एनव्हिडियाच, तर फार उस्तवार नको. नव्या कार्डाला चालणारा ताजा ड्रायव्हर घ्या आणि इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडून 'क्लीन इन्स्टॉलेशन'च्या चौकटीत खूण करा. एएमडीच्या सेटअपमध्ये याच कामासाठी 'फॅक्टरी रीसेट' असतं. बहुतेकांचं काम एवढ्यावर भागतं.

कंपनी बदलत असेल तर जुन्या कंपनीचा ड्रायव्हर काढूनच टाका. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीतून तो साध्या रीतीने निघतो. तरी काही अवशेष उरतात, म्हणून आमच्या स्टुडिओवाल्यासारख्यांनी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, हे मोफत साधन वापरावं. ते त्याच्या निर्मात्याच्या, म्हणजे वॅग्नर्डसॉफ्टच्या, मूळ जागेवरूनच घ्या. एएमडीकडून एनव्हिडियाकडे जाणाऱ्यांसाठी एएमडीने स्वतःचं क्लीनअप युटिलिटी हे साधनही दिलं आहे.

दर महिन्याला येणाऱ्या ड्रायव्हर अपडेटसाठी मात्र डीडीयू चालवत बसू नका. ते खोलवर हात घालणारं साधन आहे. कंपनी बदलताना किंवा न सुटणारा दोष आला तरच ते बाहेर काढावं.

पुसण्याआधीची तयारी

तयारीत घाई करू नका. पुढची यादी क्रमाने उरका.

१. नव्या कार्डाचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून डेस्कटॉपवर आणि पेन ड्राइव्हवर ठेवा. विंडोजची आवृत्ती जुळते का, बघा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

२. जुन्या कार्डाच्या शेवटच्या चालत्या ड्रायव्हरचा सेटअपही जपून ठेवा. नव्या कार्डात खोट निघाली तर तेच कार्ड परत लावावं लागेल. जीटीएक्स १० मालिकेला चालणारी एनव्हिडियाची शेवटची ड्रायव्हर मालिका ५८० क्रमांकाची आहे. त्यापुढचे ड्रायव्हर या कार्डांना ओळखत नाहीत.

३. चालू प्रोजेक्टचा बॅकअप घ्या आणि विंडोजचा रीस्टोअर पॉइंट तयार करा.

४. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्या. सेफ मोडमध्ये जाताना किंवा बायोसमध्ये काही बदलल्यावर विंडोज ती मागू शकते. बहुतेक वेळा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. खात्याचा पासवर्डही आठवून ठेवा, कारण सेफ मोडमध्ये नेहमीचा पिन कधीकधी चालत नाही.

५. वीज जायचा काळ असेल तर संगणक यूपीएसवर घ्या. ड्रायव्हर अर्धवट पुसला जाणं हे दोन्हीकडून वाईट.

६. आता इंटरनेट बंद करा. केबल काढा, वायफाय बंद करा. नाहीतर तुम्ही पुसता पुसता विंडोज अपडेट स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर मागच्या दाराने घुसवते.

पुसणं

शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा. निळ्या पडद्यावर ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जात रीस्टार्ट करा आणि यादी आली की ४ दाबा. संगणक सेफ मोडमध्ये उघडेल. काळी पार्श्वभूमी आणि चार कोपऱ्यांत अक्षरं दिसली की तुम्ही बरोबर ठिकाणी आहात.

डीडीयू उघडल्यावर उजवीकडच्या यादीत उपकरणाचा प्रकार म्हणून जीपीयू आणि त्याखाली कंपनी निवडा. इथे हात आखडा. प्रोसेसरमध्ये इंटेलचं अंगभूत ग्राफिक्स असेल तर त्याचंही नाव यादीत असतं, आणि ते आपल्याला पुसायचं नाही. आपल्याला जुनं कार्ड काढायचंय, म्हणून एनव्हिडिया. मग तीन बटणांपैकी 'क्लीन अँड शटडाउन' दाबा. नवं कार्ड बसवणाऱ्यांसाठीच ते ठेवलं आहे. नुसतं रीस्टार्ट निवडलं तर विंडोज पुन्हा उठेल, जुनं कार्ड ओळखेल आणि काही ना काही ड्रायव्हर त्याला चिकटवायला बघेल. मधे पडदा काळा होणं, अक्षरं फुगणं हे सगळं अपेक्षित आहे. घाबरून बटण दाबून बंद करू नका.

डीडीयू न वापरता साध्या मार्गाने ड्रायव्हर काढला असेल, तर संगणक बंद करताना शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे एरवीचं बंद करणं पुरतं बंद करणं नसतं. गाभ्याची जुनी अवस्था डिस्कवर साठवून ठेवलेली असते.

कार्ड बदलणं

एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, वायर काढा आणि कॅबिनेटचं पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलासुरला विद्युतभार सोडा. कॅबिनेट आडवं करा. गालिच्यावर नव्हे, टेबलावर. हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थितिक वीज निघून जाते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत हे विसरू नका.

आधी मॉनिटरची केबल काढा, मग पॉवर केबल असेल तर ती, मग कॅबिनेटच्या मागच्या पट्टीवरचे स्क्रू. आता खरी मेख. स्लॉटच्या आतल्या टोकाला प्लास्टिकचा एक छोटा खटका असतो आणि कार्ड त्यात अडकलेलं असतं. मोठ्या कूलरखाली तो दिसत नाही, बोटही नीट पोचत नाही. खटका न दाबता कार्ड ओढलं तर खटका तुटतो, कधी स्लॉटच उखडतो. लाकडी चमच्याचं टोक किंवा प्लास्टिकची पट्टी घालून तो खाली किंवा बाजूला दाबा. कट असा बारीक आवाज येतो. मगच कार्ड दोन्ही कडांना धरून सरळ वर उचला. स्क्रूड्रायव्हरने खटका दाबायला जाऊ नका. तो सटकला की मदरबोर्डावर ओरखडा उठलाच समजा.

नवं कार्ड बसवण्याआधी स्लॉटच्या आसपासची धूळ ब्रशने झटका. ब्लोअर वापरलात तर पंखे बोटाने धरून ठेवा. कार्डाच्या सोनेरी टोकांना हात न लावता ते प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या लांब स्लॉटमध्ये सरळ दाबा. खटका आपोआप वर येऊन बसला की कार्ड पुरतं खाली गेलं. पट्टीचे स्क्रू आवळा. मग ८ पिनांची पॉवर केबल. इथे घोळ होतो, कारण प्रोसेसरची केबलही ८ पिनांचीच असते. प्रोसेसरची बहुधा ४ अधिक ४ अशी फुटते, कार्डाची ६ अधिक २ अशी. जोर लावावा लागतोय म्हणजे केबल चुकीची आहे. नव्या महागड्या कार्डांवर १६ पिनांची एकच जोडणी असते. २०२२ साली आरटीएक्स ४०९० आल्यावर याच जोडणी वितळल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. ती पूर्ण आत गेली आहे का डोळ्यांनी बघा आणि अगदी तोंडाशी वाकवू नका.

शेवटी मॉनिटरची केबल नव्या कार्डात लावा, मदरबोर्डावरच्या पोर्टमध्ये नव्हे. 'डिस्प्ले येत नाही' या फोनमागे निम्म्या वेळा हीच केबल निघते.

नवा ड्रायव्हर आणि विसरलेल्या सेटिंग

पहिल्यांदा सुरू झाल्यावर पडदा कमी रिझोल्यूशनचा दिसेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर' असं नाव असेल. ही चांगली खूण आहे. जुना ड्रायव्हर गेला आणि नवा अजून आला नाही, असा त्याचा अर्थ. इंटरनेट बंदच ठेवून आधी उतरवलेला सेटअप चालवा, रीस्टार्ट करा आणि मग नेट जोडा. डीडीयूमध्ये विंडोज अपडेटला ड्रायव्हर आणू न देण्याचा पर्याय चालू केला असेल, तर तो आठवणीने पूर्ववत करा. नाहीतर उद्या प्रिंटर जोडाल आणि त्याचा ड्रायव्हर का येत नाही म्हणून डोकं खाजवाल.

आता स्टुडिओवाल्याच्या कुरकुरणाऱ्या सॉफ्टवेअरकडे वळू. डीडीयू ड्रायव्हर पुसतं, सॉफ्टवेअरच्या आतल्या आवडीनिवडी नाही. प्रीमियरच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये रेंडरर कुडावर ठरवलेला असतो; तो ओपनसीएलवर न्यावा लागतो. रिझॉल्व्हमध्ये मेमरी आणि जीपीयूच्या सेटिंग एकदा उघडून बघा. ओबीएसवर थेट प्रक्षेपण करत असाल तर तिथे एनव्हिडियाचा एन्कोडर निवडलेला असेल, तो एएमडीचा करा. ब्लेंडरमध्ये सायकल्ससाठी ऑप्टिक्सच्या जागी हिप निवडा. ही पाच मिनिटं न दिल्यामुळे चांगल्या कार्डाला 'स्लो आहे' असा शिक्का बसतो.

लिनक्स वापरणाऱ्यांचं काम याहून सोपं आहे. एएमडीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. कार्ड काढण्याआधी एनव्हिडियाची पॅकेजं काढा आणि त्यांच्यासाठी हाताने केलेली कॉन्फिगरेशन फाइल असेल तर तीही बाजूला करा. उलट दिशेने जाणाऱ्यांना उबुंटूत 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स'मधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर मिळतो.

अडलं तर

डिस्प्लेच नाही: केबल कुठल्या पोर्टात आहे, पॉवर केबल लावली का, कार्ड पुरतं बसलंय का, या क्रमाने बघा. मदरबोर्ड जुना असेल तर बायोसचं अपडेट लागू शकतं. प्रोसेसरला अंगभूत ग्राफिक्स असेल तर कार्ड काढून त्यावर संगणक सुरू होतो का तपासा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावापुढे एफ असेल तर हा मार्ग बंद.

एरवी चालतो, पण रेंडर लावलं की एकदम बंद पडतो किंवा रीस्टार्ट होतो: पहिला संशय एसएमपीएसवर. ड्रायव्हर दहादा टाकून उपयोग नाही.

पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो: आधी मॉनिटरची केबल बदला, मग ड्रायव्हरची एक जुनी, स्थिर आवृत्ती टाकून बघा. त्यावरही थांबलं नाही तर रॅमचं एक्सएमपी काही दिवस बंद ठेवून पाहा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ४३: डीडीयूने पुसून पुन्हा टाका. तरी तेच आलं तर कार्ड दुसऱ्या संगणकात लावा. तिथेही कोड ४३ म्हणजे वॉरंटीचा दरवाजा ठोठावायचा.

तापमान: काम जोरात असताना कार्ड ७०-८० अंश सेल्सिअसला जाणं नेहमीचं आहे. विदर्भाच्या मे महिन्यात त्यात आणखी भर पडेल, म्हणून कॅबिनेटचे पंखे आणि धूळजाळी साफ ठेवा.

जुन्या कार्डाचं काय?

नवं कार्ड बसल्या दिवशीच जुनं विकू नका. त्याला अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, सेटअप असलेल्या पेन ड्राइव्हसह, एक-दोन मोठी कामं पार पडेपर्यंत ठेवा. दुकानाची बदलून देण्याची मुदत असेल तर ती संपण्याआधी नव्या कार्डाकडून भरपूर काम करून घ्या: तासाभराचं रेंडर लावा, सगळे पोर्ट वापरून बघा, पंख्यांचा आवाज ऐका. खोट असेल तर ती दुकानदाराच्या दारात असतानाच बाहेर आलेली बरी. मग जुनं कार्ड बिलासह विका किंवा कुणा शिकाऊ मुलाच्या संगणकात लावून द्या, त्याचा ड्रायव्हर तुमच्याकडे आहेच. बंदच पडलेलं असेल तर भंगारवाल्याच्या पोत्यात न टाकता अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या.